लोणारचें खारें पाणी व त्यांतील सूक्ष्म शेवाळें

ज्या मुलखांत चैत्र लागतांच विहिरींचे तळ दिसूं लागतात, त्या मुलखांतील मुलांस गोड्या पाण्याची किंमत कोणी शिकवावी लागत नाहीं. आमच्या सेनगांव तालुक्यांतून कयाधू नदी वाहते. पण ऐन उन्हाळ्यांत तिच्या पात्रांत पाण्यापेक्षां वाळूच अधिक दिसते. कळशीभर गोड्या पाण्यासाठीं आपल्या आया-बहिणींस किती पायपीट करावी लागते, हें तुम्ही पाहतांच. म्हणून गोडें पाणी तें चांगलें व खारें तें वाईट, अशी आपणां सर्वांची समजूत होऊन बसली आहे; आणि पिण्यापुरती ती खरीही आहे.

परंतु या समजुतीस एक मोठा अपवाद आपल्या अगदीं शेजारीं आहे. सेनगांवाहून रिसोडची वाट धरावी व तेथून पश्चिमेस वळावें, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार गांव लागतें. तेथील सरोवराचें पाणी माणसास पितां येत नाहीं, शेतास देतां येत नाहीं. तरी त्यांत जीवांची दाटी आहे. इतकेंच नव्हे, तर तें पाणी गोडें झालें, तर त्यांतील विशेष जीवसृष्टि नाहींशी होईल. ही गोष्ट प्रथम ऐकतांना विपरीत वाटते. ती खरी कशी, हें सदर लेखांत क्रमानें सांगण्याचा आमचा विचार आहे.

सरोवराची उत्पत्ति

लोणारचें सरोवर एका प्रचंड वाटोळ्या खळग्याच्या तळाशीं आहे. खळग्याच्या कांठापासून समोरच्या कांठापर्यंतचें अंतर सुमारें १.८ किलोमीटर असून पाण्याचा विस्तार सुमारें १.२ किलोमीटर आहे. लवणासुर नांवाच्या दैत्यास विष्णूनें येथें मारिलें, अशी पुराणकथा लोक सांगतात. गांवांतील दैत्यसूदनाचें देऊळ त्याच कथेचें स्मारक होय. इंग्रज अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनीं १८२३ सालीं या स्थळाची नोंद केली. पुढें पुष्कळ वर्षें हें ज्वालामुखीचें तोंड असावें, असें विद्वान मानीत. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें या वादाचा निकाल लागला. सरोवराच्या तळाशीं छिद्रें पाडून काढलेल्या दगडांत, प्रचंड आघातानेंच होऊं शकतात असे फरक आढळले. तेव्हां आकाशांतून पडलेल्या अशनीच्या आघातानें हा खळगा झाला, हें ठरलें. काळ्या बेसॉल्ट दगडांत अशनीमुळें झालेले आणि इतके नीट राहिलेले खळगे पृथ्वीवर फारच थोडे आहेत.

याच्या वयाविषयींही मत बदललें आहे. प्रथम तें सुमारें ५२,००० वर्षें मानलें जाई. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणीनें तें सुमारें ५,७०,००० वर्षें ठरविलें. आपलें आधींचें मत चुकलें असें दिसतांच तें मोकळ्या मनानें सोडून देणें, हें शास्त्राचें भूषण आहे. विद्यार्थ्यांनीं हा गुण अवश्य उचलावा.

पाणी खारें कां?

या खळग्यांत पाणी येण्याच्या वाटा आहेत, पण बाहेर जाण्याची वाट नाहीं. पावसाचें पाणी उतारावरून येतें. कांठावरील झरे, विशेषतः धार म्हणून प्रसिद्ध असलेला झरा, बारमाही वाहतात. हें पाणी दगडमातींतील क्षार आपल्याबरोबर आणतें. ऊन पाण्याची वाफ करून नेतें. क्षार मात्र मागें राहतात. हजारों वर्षें हा व्यवहार चालल्यानें सरोवरांत मिठाबरोबर सोड्याच्या जातीचे क्षारही पुष्कळ सांठले आहेत. म्हणून लोणारचें पाणी समुद्राच्या पाण्यासारखें नुसतें खारट नाहीं. तें तुरट, बुळबुळीत व साबणाच्या पाण्यासारखें आहे. अबुल फजल यानें सोळाव्या शतकांत लिहिलेल्या ऐन-इ-अकबरींत, कांच व साबण करण्यास लागणारे पदार्थ येथें मिळतात, असें नमूद केलें आहे. पूर्वीं उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे येथील क्षार गोळा करून विकीत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशीं त्यांच्या निरनिराळ्या प्रतींचीं नांवें होतीं.

अशा पाण्याची परीक्षा आपल्या घरींही समजून घेतां येते. आपला हिंगोली जिल्हा हळदीसाठीं प्रसिद्ध आहे. पांढऱ्या कागदावर हळदीचें पाणी फासून तो वाळवावा. त्यावर विहिरीच्या पाण्याचा थेंब टाकला, तर बहुधा रंग बदलत नाहीं; पण पापडखाराच्या पाण्याचा थेंब टाकतांच पिवळा रंग तांबूस होतो. शास्त्रज्ञ हाच गुण अंकांत मोजतात; त्या अंकास सामू म्हणतात. सामू ७ असलें म्हणजे पाणी ना आंबट ना क्षारयुक्त. यापुढें प्रत्येक अंकागणिक क्षारधर्म दहापट वाढतो. म्हणजे ८ ला दहापट, ९ ला शंभरपट व १० ला हजारपट. लोणारच्या पाण्याचें सामू वेळोवेळीं केलेल्या मोजण्यांत बहुधा साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान आढळलें आहे. यावरून गोड्या पाण्यांतील जीवांना हें पाणी किती जाचक असेल, याचा अंदाज करावा.

अशा पाण्यांत कोण राहतें?

जेथें इतरांस राहतां येत नाहीं, तेथें जो राहूं शकतो त्यास जागा मोकळी मिळते. लोणारच्या पाण्यास पुष्कळदां जो दाट हिरवा रंग दिसतो, तो अशाच एका रहिवाशामुळें. त्याचें नांव आर्थ्रोस्पायरा. बाजारांत त्यालाच स्पिरुलिना म्हणतात. हें नीलहरित शेवाळांपैकीं एक आहे. साध्या डोळ्यांस तें केवळ रंगानें कळतें. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिल्यास स्क्रूच्या आट्यांप्रमाणें पीळ असलेला हिरवानिळा तंतु दिसतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारें शंभराव्या भागाइतकी असते. त्याच्या पेशींत वायूनें भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या असल्यानें तो उजेडाकडे वर तरंगूं शकतो. वनस्पतींप्रमाणें तो सूर्यप्रकाशांत स्वतःचें अन्न तयार करतो व प्राणवायु सोडतो. आणि त्यासाठीं लागणारा कार्बन पाण्यांतील सोड्याच्या क्षारांतून घेतो. म्हणजे जो क्षार इतरांस विष, तोच याची शिदोरी!

हा जीव फक्त आपल्याच शेजारीं आहे असें नाहीं. आफ्रिकेंतील चाड सरोवराच्या परिसरांत कानेम्बू लोक अशींच शेवाळें कापडानें गाळून, वाळवून त्यांच्या वड्या करतात व त्यांस दिहे म्हणतात. पूर्व आफ्रिकेंतील सोड्याच्या सरोवरांवर लहान रोहित पक्ष्यांचे जे प्रचंड थवे उतरतात, त्यांचें मुख्य अन्न हेंच शेवाळ. मेक्सिकोंतील टेस्कोको सरोवरांतून अझ्टेक लोक असें शेवाळ काढून बाजारांत विकीत, हें सोळाव्या शतकांतील स्पॅनिश लेखकांनीं लिहून ठेविलें आहे. पुढें तेथील पाणी शतकानुशतकें कालवे खोदून काढून टाकण्यांत आलें. त्या विस्तीर्ण सरोवराचा आज अल्पसा भागच उरला आहे. हें उदाहरण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्याकडे आम्ही पुन्हां येणार आहों.

वाळलेल्या आर्थ्रोस्पायरांत निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. म्हणून त्याची लागवड आतां अनेक देशांत होते. आपल्या देशांत म्हैसूर येथील केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेनें या विषयावर पुष्कळ काम केलें आहे. मात्र पालकांस एक सूचना करणें आमचें कर्तव्य आहे. कोणत्याही तळ्यावरचें हिरवें शेवाळ आणून खाऊं नये व जनावरांसही देऊं नये. कांहीं नीलहरित शेवाळें विषारी असतात, आणि तीं नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येत नाहींत.

पाहणी कशी करावी?

पाहणी म्हणजे नुसतें पाहणें नव्हे. पाहिलेलें पुन्हां कोणास पडताळतां येईल अशा रीतीनें नोंदणें, ही पाहणी. लोणार हें २००० सालापासून अभयारण्य आहे. तेथून परवानगीवांचून कांहीं उचलणें योग्य नाहीं. म्हणून आम्हीं या रीतीचा सराव गांवच्या पाझरतलावावर केला. रीति दोन्हीकडे एकच.

प्रथम जागा ठरवाव्या. एकाच कांठाचें पाणी घेऊन सर्व तलावाविषयीं बोलणें म्हणजे एका घरीं जेवून सर्व गांवाच्या स्वयंपाकाची परीक्षा करण्यासारखें आहे. जेथें ओढा मिळतो तेथें, जेथें गुरें उतरतात तेथें, व मध्यभागीं, अशा निरनिराळ्या जागा घ्याव्या. प्रत्येक ठिकाणीं तारीख, वेळ, हवेची व पाण्याची उष्णता, सामू व पाण्याचा रंग लिहावा. पाणी किती स्वच्छ आहे हें पाहण्यास एक थाळी दोरीनें पाण्यांत सोडतात. ती ज्या खोलीवर दिसेनाशी होते तें अंतर मोजतात. ही युक्ति आंजेलो सेक्की नांवाच्या इटालियन ज्योतिर्विद धर्मगुरूंनीं १८६५ सालीं समुद्रावर वापरून दाखविली. आजही ती थाळी त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. तारे पाहणाऱ्यानें पाण्याची स्वच्छता मोजण्याचें साधन द्यावें, हें केवढें कौतुक!

नंतर अत्यंत बारीक विणीच्या कापडाच्या जाळींतून मोजून पाणी ओतावें, म्हणजे शेवाळें तळाच्या बाटलींत जमतात. त्याचे दोन भाग करावे. एक तसाच जिवंत ठेवावा. दुसऱ्यांत आयोडिनचे थेंब टाकून तो टिकवावा. जिवंत नमुन्यांत हालचाल व रंग कळतो, टिकविलेल्यांत मोजणी करतां येते. मोजणीचें गणित सोपें आहे. समजा, २० लिटर पाणी गाळून ४० मिलिलिटर गाळ मिळाला व त्यांतील १ मिलिलिटरमध्यें १५० तंतु मोजले. तर सर्व गाळांत ४० गुणिलें १५० म्हणजे ६,००० तंतु झाले. ते २० लिटरांतील, म्हणून एका लिटरांत ३००. त्रैराशिक कशासाठीं शिकावयाचें, असें विचारणाऱ्या मुलांनीं हें उदाहरण पाहावें.

पाहणी एकदां करून भागत नाहीं. ती ऋतूंगणिक करावी लागते. याचें प्रत्यंतर जून २०२० मध्यें आलें. लोणारचें पाणी तेव्हां एकाएकीं गुलाबी झालें व लोक चकित झाले. पुणें येथील आघारकर संशोधन संस्थेनें नमुने तपासून, हा रंग अतिखारट पाण्यांत वाढणाऱ्या हॅलोआर्किया नांवाच्या सूक्ष्म जीवांचा आहे, असें सांगितलें. पाणी आटून खारेपणा वाढतांच त्यांचा वंश वाढला; पावसाचें पाणी मिळतांच तो रंग गेला. त्याच सरोवरांत, पाणी किंचित् बदलतांच, मालकीच बदलली!

वाढविणें व बीज जपणें

नमुन्यांत अनेक जीव मिसळलेले असतात. त्यांतील एकाचा अभ्यास करावयाचा, तर तो वेगळा काढून वाढवावा लागतो. हॉलंडमधील बायेरिंक या शास्त्रज्ञांनीं १८९० सालीं क्लोरेला नांवाचें हिरवें शेवाळ अशा रीतीनें निर्भेळ वाढवून दाखविलें. आर्थ्रोस्पायराचा एकच तंतु केसासारख्या बारीक कांचनळीनें उचलतात, स्वच्छ द्रावणांत पुन्हां पुन्हां धुतात व पोषक द्रावणांत सोडतात. हें द्रावण फ्रेंच संशोधक झारूक यांनीं १९६६ सालीं दिलेल्या प्रमाणानुसार करण्याचा प्रघात आहे. एक लिटर पाण्यांत सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा, १६.८ ग्रॅम, सोडियम नायट्रेट २.५ ग्रॅम, मीठ १ ग्रॅम, पोटॅशियम सल्फेट १ ग्रॅम, पोटॅशियम फॉस्फेट अर्धा ग्रॅम, आणि मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह इत्यादिकांचे क्षार अगदीं अल्प. सर्वांत मोठा वांटा सोड्याचा आहे, हें लक्षांत घ्या. एका परीनें हें बाटलींतलें छोटें लोणारच होय.

आम्हीं एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेकडून आर्थ्रोस्पायराचें थोडें बीज मागून आणलें. पहिला प्रयत्न आमच्याच चुकीनें फसला. उजेड हवा म्हणून बरणी खिडकींत ठेविली. मार्चच्या उन्हांत कांच तापली, आणि तीन दिवसांत हिरवें पाणी पांढुरकें झालें. या शेवाळास ३० ते ३५ अंश उष्णता मानवते. याहून फार अधिक सोसत नाहीं. दुसऱ्या वेळीं बरण्या उत्तरेकडील खिडकीजवळ सावलींत ठेविल्या व रोज तीनदां हलविण्याची पाळी मुलांनीं वांटून घेतली.

या वेळीं तीन बरण्या केल्या. पहिलींत पूर्ण द्रावण, दुसरींत निम्में द्रावण व निम्में विहिरीचें पाणी, तिसरींत केवळ उकळून निवविलेलें विहिरीचें पाणी. बीज तिन्हींत सारखें घातलें. पंधरा दिवसांत पहिली गर्द हिरवी झाली, दुसरी फिकट हिरवी राहिली, आणि तिसरींतील तंतु पिवळे पडून तुटून गेले. आम्हीं फळ्यावर लिहिलें : गोड्या पाण्यानें शेवाळ मेलें.

तेव्हां मागच्या बांकावरील एका विद्यार्थिनीनें उठून विचारलें, "गुरुजी, तिसरींत तर खतही नव्हतें. मग तें गोडेपणानें मेलें कीं उपाशी मेलें, हें कशावरून ठरवावयाचें?" आम्हीं क्षणभर निरुत्तर झालों. प्रश्न अगदीं बिनतोड होता. एका वेळीं दोन गोष्टी बदलल्या, तर परिणाम कोणत्या गोष्टीचा, हें सांगतां येत नाहीं. हा प्रयोगाचा पहिला नियम आम्हीच विसरलों होतों. फळ्यावरील वाक्य तिच्याच हातून पुसविलें आणि चौथी बरणी मांडली. तींत विहिरीचें पाणी, व नायट्रेट, फॉस्फेट इत्यादि सर्व खत पुरेपूर. फक्त सोडा व मीठ नाहीं.

चौथ्या बरणीनें आम्हांस खरा धडा दिला. पहिले कांहीं दिवस पाणी फिकटच होत गेलें. नंतर एकाएकीं तें छान हिरवें दिसूं लागलें. मुलांस वाटलें, शेवाळ जगलें! परंतु थेंब कांचपट्टीवर घेऊन यंत्राखालीं धरला, तों पिळदार तंतु एकही नाहीं. त्या जागीं वाटोळ्या हिरव्या पेशी भरून राहिलेल्या. त्या आम्हीं पेरल्या नव्हत्या. हवेंतून वा हातांतून आल्या असाव्या. खाऱ्या पाण्यांत त्यांचें कांहीं चाललें नसतें. पण पाणी गोडें आणि खत भरपूर मिळतांच त्यांनीं घर बळकाविलें. पाणी वरून पाहतां हिरवेंच होतें. आंतला रहिवासी मात्र बदलला होता.

बरणीवरून सरोवराकडे

आतां ही चौथी बरणी दीड-दोन किलोमीटर रुंदीची कल्पून पाहा. गांवचें सांडपाणी म्हणजे खत मिसळलेलें गोडें पाणीच होय; शेतांतून वाहून येणारें पाणीही तसेंच. असें पाणी लोणारच्या खळग्यांत उतरत आल्याची तक्रार अभ्यासक वर्षानुवर्षें करीत आले आहेत. जुन्या व अलीकडच्या मोजण्या ताडून पाहतां, सरोवराचा खारेपणा मागील शंभर वर्षांत पुष्कळ उतरला आहे, असेंही त्यांनीं दाखविलें आहे. हा उतार पुरता झाला, तर सरोवर कोरडें पडणार नाहीं. उलट भरलेलें व हिरवेंगार दिसेल, आणि वरून पाहणारा म्हणेल, काय सुंदर तळें आहे! जें गेलें तें केवळ सूक्ष्मदर्शकाखालींच कळेल, आणि तेंही ज्यानें पूर्वीं पाहणी करून नोंद ठेविली असेल त्यालाच. टेस्कोकोचें पाणी माणसानें काढून घेतलें. लोणारचें नुकसान पाणी घालूनही होऊं शकतें, एवढाच फरक.

कोणी म्हणेल, बीज तर प्रयोगशाळेंत जपलें आहे. मग काळजी कशाची? बीज जपणें अवश्य आहे. पण बाटलींतलें बीज म्हणजे सरोवर नव्हे. बाटलींत एक जात राहते. सरोवरांत तिच्याबरोबर तिला खाणारे, तिला कुजविणारे, पाणी आटतांच गुलाबी होऊन प्रकटणारे, आणि अद्याप कोणी नांवही न दिलेले असे असंख्य जीव नांदतात. त्यांचें घर एकदां मोडलें, तर तें पुन्हां बांधण्यास लाखों वर्षांचें ऊन-पाऊस कोठून आणावें? २०२० सालीं लोणारचा समावेश रामसर पाणथळींच्या जागतिक यादींत झाला. नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रांतील हें दुसरें स्थळ. हा मान मोठा आहे, पण यादींतील नांवानें सांडपाणी अडत नाहीं. तें नाल्यावरच अडवावें लागतें.

विद्यार्थीमित्रहो, सुटींत तुम्ही आईवडिलांबरोबर लोणारास जाल, तेव्हां कमळजादेवीच्या देवळाकडे उतरतांना पाण्यांत कांहीं टाकूं नका व तेथून कांहीं उचलूं नका. हळदीचा कागद घरीं करून पाहा. आपल्या गांवच्या तलावाची वही आजपासून ठेवा. दर महिन्यास तारीख, रंग व उष्णता एवढें लिहिलें तरी पुरे. आणि वर्गांत शिक्षकांनीं फळ्यावर कांहीं लिहिलें असतां शंका आली, तर उठून विचारा. आमच्या चौथ्या बरणीचें श्रेय आमचें नाहीं. तें त्या एका प्रश्नाचें आहे.